महामहिमांचा रास्ता रोको

"यावेळी लाल ग्रह आपलाच!" असं आसिम राळेगावात छातीठोकपणे सांगायचा. लोक मान डोलवायचे, कारण जळालेली मोटर बांधण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पण त्याच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचं वेगळंच राज्य होतं. कॉम्प्युटरवरच्या एका खेळात जगभरचे लोक अंतराळात वसाहती वसवत, निवडणुका लढवत, एकमेकांची सरकारं पाडत. आसिम तिथल्या एका वसाहतीचा गव्हर्नर होता! बाभुळगावात कॉम्प्युटर क्लास घेणारी सुरभी त्याची संरक्षणमंत्री. फोनवरसुद्धा ती त्याला 'महामहीम' म्हणायची. त्याची बायको रुबीना मात्र 'अजी सुनते हो'च्या पुढे कधी गेली नव्हती.

त्या आठवड्यात शेजारच्या वसाहतीनं श्वासाच्या हवेवर कर बसवला. आसिमला बसवेना, जेववेना. त्यात नेट गेलं! तो फोन कानाला लावून दुकानासमोर पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझारा घालायला लागला.

"उद्या बारा वाजता रस्ता बंद!" शेजाऱ्यांच्या अंतराळमार्गाची नाकेबंदी तो सुरभीला ओरडून सांगत होता. "एक गाडी हालली नाई पाह्यजे! नुसती लूट चालू हाय! मी सोता समोर राहीन!"

रस्त्याच्या कडेला कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. भाव पडलेले आणि खरेदी केंद्राचा काटा बंद. पहिल्या गाडीवरचे बापूजी ताडकन उठले.

"आयकलं का रे? शेवटी कोनीतरी बोललं!"

दुसऱ्या दिवशी नेट परत आलं आणि बाराला आसिम हेडफोन चढवून बसला. अंतराळयानं सज्ज, बोट बटणावर. तेवढ्यात घोषणा आली, "आसिमभाऊ, आगे बढो!" वा, जनतेचं काय प्रेम! तो खूश झाला. इतक्यात बापूजींनी त्याच्या डोक्यावरचा हेडफोनच उपटला. घोषणा तरीही चालूच!

"चाल ना बाबू! समोर राहीन म्हनलं होतं ना?"

"कायच्या समोर?"

"रस्ता बंद केला ना आमी! तूच तं सांगतलं!"

बाहेर बैलगाड्या आडव्या लागलेल्या. त्यांच्या पलीकडे एसटी अडकलेली, आणि एसटीच्या खिडकीत माहेरून परतणारी रुबीना! "किसने रोकी बस? जरा सूरत तो दिखाओ!" ती ओरडत होती. बापूजींनी मोठ्या अभिमानानं आसिमला उचलून कापसाच्या गाडीवर चढवलं. सूरत दिसली. रुबीनानं खिडकी आपटून बंद केली.

आसिम कमरेपर्यंत कापसात रुतला होता. जीव सगळा मागच्या खोलीत.

"बापूजी, मले जाऊ द्या, तिकडं फौज उभी हाय माही!"

"फौज आली!" कोणीतरी किंचाळलं. टाळ्याच टाळ्या!

आता बोलणं भाग होतं. पण त्याला एकच भाषण पाठ होतं, वसाहतीच्या जनतेसाठी लिहिलेलं. त्यानं तेच ठोकलं.

"भावांनो! या उजाड मातीत घाम आपन गाळला! न् थंडगार घुमटात बसून आपलं नशीब कोन ठरवून राह्यलं?"

लोक वेडे झाले. म्हातारे रडले. खरेदी केंद्राचे साहेब घामाघूम होऊन धावत आले. "मागणी काय तुमची?"

"हवेवरचा कर रद्द करा!"

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. बापूजींनी तेवढ्यात बाजू सावरली, "बरोबर हाय! कापसात हवा हाय म्हनून वजन कापता, ते बंद करा! न् काटा सुरू करा!"

एसटीचा हॉर्न, रुबीनाचा आवाज, तिसऱ्या बाजूनं घोषणा. साहेबांनी हात जोडले. तासाभरात काटा सुरू झाला!

गुलालानं माखलेला आसिम धडपडत कॉम्प्युटरपाशी पोचला. फोन वाजला.

"महामहीम, कुठी होते तुमी? फौज वाट पाहून थकली. तुमचं सरकार पडलं."

"कोनं पाडलं?"

"मीच," सुरभी नम्रपणे म्हणाली. "मजबुरी होती, महामहीम."

आसिम तिथंच मटकन बसला. दारात बापूजी उभे होते, गळ्यात हार, चेहऱ्यावर विजय.

"आसिमभाऊ, आता तुरीसाठी रस्त्यावर कधी बसाचं?"

"मले नका विचारू," आसिम सुस्कारा टाकत म्हणाला. "बाभुळगावात एक पोरगी हाय. खरी पुढारी ते हाय!"