धाकटा आला

जावयाने आणलेले बूट चष्मेवाल्यांच्या पायात बसले, पण मनात काही केल्या बसेनात. बुटांच्या तळाला एक आकडा होता. तो सायकलच्या पायडलात टक्कन अडकायचा आणि मग पाय आणि सायकल एकजीव होऊन जायचे.

"सोडवायचा कसा?" त्यांनी विचारलं.

"टाच बाहेरच्या बाजूला झटकायची, बाबा. एकदा अंगवळणी पडलं की कळतसुद्धा नाही."

"आणि अंगवळणी पडेपर्यंत?"

यावर जावई नुसता हसला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चष्मेवाल्यांची बायको हे सगळं बघत होती. नवऱ्याच्या अंगाला चिकटलेला काळा सदरा, तितकीच चिकटलेली काळी अर्धी चड्डी आणि डोक्यावर काळं हेल्मेट. काळा रंग पोट लपवतो, असं जावयाचं म्हणणं होतं.

"अहो, असे बाहेर जाणार आहात?"

"सगळे असेच जातात."

"सगळ्यांचं मला काय सांगता? आपल्या दुकानातली गिऱ्हाइकं भेटतील वाटेत."

पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. सारा जन्म स्टुलावर बसून लोकांच्या डोळ्यांत डोकावण्यात गेला, आता जरा हातपाय हलवा. जावई दर रविवारी आपल्या मित्रांबरोबर तलावाला सायकलवरून वळसा घालायचा. या रविवारी सासऱ्यांना न्यायचं, हे लेकीने आणि त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. चष्मेवाले घराबाहेर पडले ते एखाद्या ऑपरेशनला निघाल्यासारखे.

रस्ता मात्र सुरेख होता, हे त्यांना कबूल करावं लागलं. डावीकडे पाणी, पाण्यात लव्हाळ्याची बेटं, त्यांत बदकांची लगबग. उजवीकडे दगडी बांध आणि नांगरून ठेवलेली काळी शेतं. थोड्या थोड्या अंतरावर एखादं गाव लागायचं, त्याच्या भिंतींवर मासेमारीची जाळी वाळत घातलेली असायची, आणि गाव बघता बघता मागे पडायचं. पहिल्याच चढाला जावयाचे मित्र ठिपक्याएवढे झाले. जावई मात्र शेजारी रेंगाळत होता. म्हातारं गाढव हाकल्यासारखा तो हळूहळू चालवतोय, हे चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना ते लागलं.

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो माझ्या माझ्या गतीने."

"नक्की? मग एकच लक्षात ठेवा, बाबा. पाणी कायम डाव्या हाताला ठेवायचं. चुकायचा प्रश्नच नाही."

चष्मेवाले आज्ञाधारक माणूस. त्यांनी पाणी डाव्या हाताला ठेवलं, ते इतकं ठेवलं, की मोठा रस्ता जिथे टेकडीमागे वळत होता तिथे ते वळलेच नाहीत. पाणी नजरेआड होईल म्हणून त्यांनी काठाकडे उतरणारी गल्ली धरली. उतार चांगलाच होता. सायकल सुसाट सुटली, वाऱ्याने डोळ्यांना धार लागली, आणि दोन घरांमधल्या बोळातून बाहेर पडता पडता त्यांनी करकचून ब्रेक दाबले.

समोर माणसंच माणसं होती. सगळी एकाच दिशेने, मान खाली घालून, हळूहळू चाललेली. पुढे चौघांच्या खांद्यांवर कोणाचा तरी शेवटचा प्रवास चालला होता.

अशा वेळी सायकलवरून उतरायचं असतं, एवढं कोणालाही कळतं. चष्मेवाल्यांनाही कळलं. त्यांनी उजवी टाच बाहेर झटकली. काही झालं नाही. डावी झटकली. तीही ढिम्म. पाय काढता येईना आणि थांबावं तर सायकल कलंडणार. पुढे काढावी तर मयताला ओलांडून जाण्याचा प्रसंग. शेवटी माणसांच्या चालीने, डावीकडे उजवीकडे झोकांड्या खात, ते अंत्ययात्रेच्या मागून सायकल चालवू लागले. घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता.

असं किती चालणार? गल्ली अरुंद झाली, माणसं थबकली, आणि चष्मेवाले सायकलसकट, एखादं झाड उन्मळून पडावं तसे सावकाश आडवे झाले.

चारपाच माणसं धावली. कोणी खांदे धरले, कोणी सायकल ओढली. बूट काही सुटेनात, तेव्हा एका दणकट कोळ्याने बुटाचे बंद सोडले आणि पायच बाहेर ओढून काढले. बूट पायडलांना तसेच लटकत राहिले. सायकल कोणीतरी भिंतीला टेकवून ठेवली. चष्मेवाले मोज्यांवर उभे राहिले. डोळ्यांतून अजून पाणी वाहत होतं, गुडघा खरचटला होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

कोळ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. पायांत काही नाही. रडून लाल झालेले डोळे.

"लांबून आलात?" त्याने हळुवार आवाजात विचारलं.

"हो."

"सायकलवर?"

चष्मेवाल्यांनी मान हलवली. बोलायला दम नव्हता.

"तुम्ही धाकटे भाऊ का?"

आता याला काय म्हणायचं? चष्मेवाले धाकटे भाऊच होते. त्यांना एक थोरला भाऊ होता, आणि हा प्रश्न जन्मभर त्यांना अनेकांनी विचारला होता. तोंडातून सवयीने उत्तर गेलं, "हो, मी धाकटा."

कोळ्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग पुढच्या माणसाच्या कानात तो काहीतरी बोलला. त्याने त्याच्या पुढच्याला सांगितलं. "धाकटा आला... होडीवाल्यांचा धाकटा आला..." असं कुजबुजत ते शब्द थेट पुढपर्यंत गेले. सगळी गर्दी मागे वळली आणि मधोमध वाट झाली. आपल्याकडून काय झालंय हे चष्मेवाल्यांच्या ध्यानात आलं, तोवर त्या वाटेने त्यांना अर्ध्यावर नेलेलं होतं.

पुढे एक म्हातारी उभी होती. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, तोही एका कानावरून निसटलेला. तिने चाचपडत त्यांचं मनगट धरलं.

"आलास?" ती म्हणाली. "शेवटपर्यंत विचारत होते रे. येईल का म्हणून."

तोंड उघडून खरं सांगायचा हाच क्षण होता. चष्मेवाल्यांनी तोंड उघडलंही. पण म्हातारीची पकड अशी होती, की ती सोडवून घेणं बुटापेक्षा अवघड वाटलं. त्यांनी तोंड मिटलं आणि ते तिच्याबरोबर चालू लागले.

पाण्याकाठी सगळं आटोपत आलं, तेव्हा गावातला एक वयस्कर माणूस म्हणाला, "घरच्यांपैकी कोणीतरी दोन शब्द बोलावेत." सगळ्यांच्या नजरा मोज्यांवर उभ्या असलेल्या माणसाकडे वळल्या.

चष्मेवाल्यांनी त्या गेलेल्या होडीवाल्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते काळे की गोरे, हसरे की तिरसट, काही काही ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होता तो आपला थोरला. दोघांनी मिळून चष्म्यांचं दुकान थाटलं होतं. मग डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता कुठल्या भिंतीवर लावायचा, यावरून एक दिवस शब्दाला शब्द वाढला. थोरला म्हणत होता खिडकीसमोर, हे म्हणत होते दारासमोर. थोरला तडक उठून गेला. त्याने दुसऱ्या आळीत दुकान काढलं आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. रस्त्यात दिसला तर एकाने पलीकडच्या बाजूला जायचं, हे न ठरवता ठरून गेलं होतं.

"माझा भाऊ," चष्मेवाले म्हणाले. "माझा भाऊ कमी बोलायचा. आपलंच खरं करायचा. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा त्याचंच खरं असायचं. हे मी त्याला कधी म्हटलं नाही. लहानपणी मला लांबचं दिसत नसे. घरात कोणाला पत्ता नव्हता. मास्तर मला ढ म्हणायचे. हा वरच्या वर्गात, पण मधल्या सुट्टीत यायचा आणि फळ्यावरचं सगळं मला वाचून दाखवायचा. मग एका क्षुल्लक गोष्टीवरून आम्ही बोलायचे थांबलो. मला वाटत होतं, घाई काय आहे. बोलू केव्हातरी."

मग ते मागे सरकले. गर्दीत कोणीतरी हुंदका दिला. दणकट कोळी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता.

इकडे जावई आणि त्याचे मित्र पुढच्या गावात वाट बघून बघून परत फिरले होते. सासऱ्यांचा फोन वाजत होता, पण उचलला जात नव्हता. कारण तो सदऱ्याच्या पाठीवरच्या खिशात होता आणि अशा वेळी पाठीत हात घालणं बरं दिसलं नसतं. शोधत शोधत मंडळी त्या गल्लीत शिरली आणि जावई जागच्या जागी थिजला. भिंतीला सायकल टेकलेली होती. पायडलांवर बूट होते. बुटांत माणूस नव्हता.

"हिचे मालक कुठे आहेत?" त्याने दारात बसलेल्या एका बाईला विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"ते होय? पाण्याकडे गेलेत. त्यांचे थोरले भाऊ वारले ना. बिचारे अनवाणी गेले हो."

जावयाने कपाळाला हात लावला. चुलतसासऱ्यांना त्याने लग्नातसुद्धा लांबूनच पाहिलं होतं. ते या गावात केव्हा राहायला आले, हा प्रश्न त्याला पडला. पण रुसलेला माणूस कुठे जाऊन राहील याचा नेम नसतो, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याने बायकोला फोन केला. बायकोने रडत रडत आईला केला. आईने गॅस बंद केला, पायांत मिळतील त्या चपला घातल्या आणि मधली सगळी वर्षं विसरून ती थेट दुसऱ्या आळीत जावेच्या घरी निघाली.

तलावाकाठच्या गावात तोवर माणसं होडीवाल्यांच्या अंगणात परतली होती. जावई आणि त्याचे मित्र चकचकीत रंगीत कपड्यांत, हेल्मेट काखोटीला मारून, एका ओळीत बाकावर बसले होते. धाकट्याचा गोतावळा म्हणून त्यांना आधी चहा मिळाला. जावयाने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, धीर धरा. घरी कळवलंय मी."

"काय कळवलंय?"

पण उत्तर यायच्या आत म्हातारी येऊन शेजारी बसली. तिच्या चष्म्याची काडी वाकलेली होती आणि भिंगांवर बोटांचे ठसे आणि वाळलेल्या अश्रूंचे डाग होते. माणूस काय करतो हे त्याच्या हातांना आधी कळतं. चष्मेवाल्यांनी आपसूक तिच्या नाकावरून चष्मा उतरवला, काडी दोन बोटांत धरून सरळ केली, तोंडाची वाफ देऊन भिंगं पुसली, आणि चष्मा पुन्हा तिच्या कानांवर नीट बसवला. मग आपण काय केलं हे त्यांना कळलं.

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"तू तो नाहीस," ती म्हणाली.

"नाही. माफ करा. मी सांगणार होतो, पण..."

"मला तिथेच वाटलं होतं. फळ्यावरचं वाचून दाखवायचे म्हणालास. ह्यांना साधी सहीसुद्धा यायची नाही."

चष्मेवाल्यांची मान खाली गेली. म्हातारी जराशी जवळ सरकली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "तू बोललास ते खोटं होतं का?"

"नाही. खरं होतं. पण ते माझ्या भावाचं होतं."

"केव्हा गेला तो?"

"गेला नाही. आहे."

"आहे?" म्हातारीने पदराने डोळे पुसायला घेतले होते, ते तसेच राहिले. "मग इथे काय करतोयस?"

चष्मेवाल्यांनी आपल्या मोज्यांकडे पाहिलं. तेवढ्यात जावई आपला फोन पुढे धरून आला. चेहरा गोरामोरा झालेला.

"बाबा, आईंचा फोन आहे. म्हणजे... आईंच्या फोनवरून आहे."

चष्मेवाल्यांनी फोन कानाला लावला.

"मी गेलो म्हणे," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

तो आवाज ओळखायला त्यांना मुळीच वेळ लागला नाही. ते बसल्या जागचे उठून उभे राहिले.

"दादा?"

"दाढी करत होतो. दार उघडलं तर तुझी बायको. मला बघून किंचाळली आणि उंबऱ्यातच बसली. आता पाणी पिऊन बरी आहे. तुझी वहिनी आणि ती दोघी मिळून रडतायत. मी समोर बसलोय, तरी थांबत नाहीत."

"दादा, चूक झाली. सगळं सांगतो तुला."

"कसं झालं माझं?"

चष्मेवाल्यांनी अंगणाकडे पाहिलं. "चांगलं झालं. पुष्कळ माणसं होती."

"रडलास?"

"हो."

 पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "पत्ता सांग. निघतोच."

"अरे, तू कशाला येतोस? मीच येतो की घरी."

"गप बस. सगळे येऊन गेले, आणि मीच नको?"

चष्मेवाल्यांनी पत्ता सांगितला. फोन ठेवला तेव्हा ते हसतायत की रडतायत हे जावयाला कळेना. म्हातारीला मात्र कळलं. तिने हात वर करून कोळ्याला हाक मारली. तो रिकामे कप गोळा करत होता.

"अरे, आतून आणखी एक खुर्ची आण. आणि चहा टाकायला सांग."

"आता कोण यायचंय?"

"ह्याचे थोरले भाऊ येतायत," म्हातारी म्हणाली.

कोळ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे, मग पाण्याच्या दिशेला. त्याने कप हळूच बाकावर ठेवले आणि तिथेच तो स्वतःही खाली बसला.