टीव्हीच्या मापाची आई

"तीस वर्षं कापड कापून जोडतोय. व्हिडिओ कापून जोडायला असं किती डोकं लागणार?" शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी घरात जाहीर केलं. बायकोने चहाचा कप पुढे सरकवला. सव्वीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं नाही हे ती पक्कं शिकली होती.

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे ताई, येऊ शकली नव्हती. तिचा पाय मोडला होता आणि ती दुसऱ्या गावात, प्लास्टर सांभाळत पडून होती. त्या दिवशी फोनवर ती इतकी रडली की मास्तरांनी तिथल्या तिथे शब्द दिला, "तुझ्या मोठ्या टीव्हीवर आई अशी दाखवतो, की समोर येऊन बसल्यासारखी वाटेल."

कापणं-जोडणं त्यांना खरोखरच जमलं. घोडं अडलं ते पाठवण्यात. त्यांनी व्हिडिओ फोनवरून पाठवून दिला, ताईने तो टीव्हीवर लावला आणि पाचव्या मिनिटाला तिचा फोन आला.

"अरे, सगळं धुरकट दिसतंय. यातली आई कुठली आणि खिडकीचा पडदा कुठला?"

हे मास्तरांना फार लागलं. ते पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा, म्हणजे त्याची तयार फाइल बाहेर काढायची म्हटलं की ते यंत्र दहा प्रश्न विचारायचं आणि प्रत्येक प्रश्नापुढे आकड्यांची रांग लावायची. मास्तरांनी प्रत्येक रांगेतला सगळ्यात मोठा आकडा निवडला. त्यांचं साधं गणित होतं. कपडा मोठा झाला तर आत घेता येतो, लहान झाला तर गिऱ्हाईक त्यात मावत नाही.

कॉम्प्युटर सकाळी जो घरघरायला लागला तो दुपारची जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी घरघरतच होता. तयार झालेली फाइल पेनड्राइव्हमध्ये मावेना. मास्तरांनी त्याहून मोठा पेनड्राइव्ह आणला आणि कुरिअरने ताईकडे धाडला.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. आवाज पडलेला होता. "नुसतं ऐकू येतंय रे. चित्र जागचं हलत नाही. आई सगळ्यांना विचारतेय, माझी थोरली का नाही आली, आणि मला पडद्यावर फक्त टेबलाचा पाय दिसतोय."

मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. ते दुकानात जाऊन बसले. तेवढ्यात टीव्ही दुरुस्त करणारा त्याची पँट न्यायला आला. मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं, ताईचा टीव्ही किती जुना आहे तेसुद्धा. तो म्हणाला, "मास्तर, माझी कंबर चौतीस आहे. तुम्ही माझी पँट चव्वेचाळीसची का नाही शिवलीत?"

"कारण तुमचं माप घेतलं होतं."

"मग टीव्हीचं नको का घ्यायला? जुना टीव्ही आहे तो, एवढं ओझं त्याला उचलत नाही. फुल एचडी घ्या, एमपीफोर ठेवा. बाकी कशाला हात लावू नका."

त्याने सांगितलं तसं मास्तरांनी निमूटपणे केलं. व्हिडिओ तासाभरात तयार झाला आणि जुन्याच पेनड्राइव्हमध्ये आरामात बसला. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

"धाकट्या, दिसली रे आई. कपाळावरचा बारीक तीळसुद्धा दिसला. अख्खा व्हिडिओ चार वेळा बघितला मी."

मास्तरांची छाती दोन इंचांनी फुगली. मग पलीकडून हुंदका ऐकू आला.

"पण तुम्ही माझ्यापासून लपवलंत. आईचा डावा खांदा केवढा उतरलाय. झटका येऊन गेला ना तिला? हे गाडी बघायला गेलेत. मी प्लास्टरसकट निघतेय."

मास्तरांनी वळून पाहिलं. आई गॅलरीत दोन्ही हातांनी चादर पिळत होती, आणि चादरीची काही धडगत दिसत नव्हती. त्यांनी घाईघाईने व्हिडिओ लावला. वाढदिवसासाठी त्यांनी स्वतः शिवलेल्या निळ्या कोटात आई बसली होती. चित्र इतकं स्वच्छ होतं की खांद्यावरचे टाके मोजता आले असते, आणि डाव्या खांद्याची शिवण चांगली बोटभर खाली घसरली होती.

आजवर कपडा बसला नाही की मास्तरांच्या मते गिऱ्हाईकाचा खांदाच तसा असायचा. चूक म्हणून त्यांनी कधी कोणापुढे कबूल केलेली नव्हती. आत्ताही तेच ओठांवर आलं होतं. पण ताई रडत होती, आणि ते त्यांना अजिबात सहन होत नव्हतं.

"ताई, रडू नकोस. आई ठणठणीत आहे. तो कोट मी शिवलाय. खांद्याची शिवण माझी चुकली."

पलीकडचे हुंदके थांबले.

"मग तू शिवलेले ब्लाउज मला बसत नाहीत ते माझा उजवा खांदा वर आहे म्हणून, असं सांगून," ताईने सावकाश विचारलं, "तू मला वीस वर्षं रोज सकाळी हात फिरवायचा व्यायाम करायला लावतोयस, तो?"

मास्तर म्हणाले की तिचा आवाज नीट येत नाहीये, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.