किमान नव्वद सेंटिमीटर

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी महिला वॉर्डात खाटा बत्तीस होत्या, रुग्ण एक्केचाळीस, चालू असलेल्या सलाईनच्या बाटल्या छत्तीस आणि सलाईनचे स्टँड अकरा. अकरांपैकी चार स्टँडना चाकं नव्हती, दोनांचा वरचा आकडा तुटला होता आणि एकावर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. म्हणजे कामाचे चार. उरलेल्या बत्तीस बाटल्या बत्तीस नातेवाइकांनी हात वर करून धरल्या होत्या.

ही मोजणी सिस्टर रंजिताने केली होती. मोजल्याशिवाय तिला राहवत नसे. बी.एस्सी.ला फिजिक्स घेऊन मग ती नर्सिंगकडे वळली होती, आणि सव्विसाव्या वर्षी रुग्णालयाच्या कर्मचारी संघटनेची सचिव होती. मालक समूहाची राज्यात अशी चौदा रुग्णालये होती. गोंदियातलं त्यातलं अकरावं.

स्टँडचं भांडण जुनं होतं. मागच्या संपात अध्यक्ष अल्काताईंनी मागणी एका ओळीत सांगितली होती : "स्टँड द्या." ताई आया म्हणून लागल्या त्याला बावीस वर्षं झाली होती, त्यांच्या मागण्या एका ओळीच्या पुढे जात नसत. पण रंजिताला ते फार मोघम वाटलं.

"ताई, उद्या बांबू रोवतील अन् म्हणतील, हा घ्या स्टँड. मागणी मोजता आली पाहिजे."

म्हणून तिने करारात लिहिलं : 'चालू सलाईनची प्रत्येक बाटली रुग्णाच्या हातापासून किमान नव्वद सेंटिमीटर उंचीवर राहील.' व्यवस्थापक कैलाशबाबूंनी वाचून लगेच सही केली. संपातल्या बाकी सगळ्या मागण्यांना त्यांनी तीन-तीन आठवडे घेतले होते. संशय यायला एवढं पुरे होतं, पण त्या दिवशी सगळे पेढे खात होते.

सहा महिन्यांत एकही नवा स्टँड आला नाही. संघटनेने करारभंगाची नोटीस दिली. कैलाशबाबू स्वतः टेप घेऊन वॉर्डात आले, छत्तीस बाटल्या मोजल्या आणि अहवाल वाचून दाखवला.

"एक भी बोतल नव्वदच्या खाली नाही. कराराचं शंभर टक्के पालन. अभिनंदन, सिस्टर."

"पण साहेब, त्या माणसांनी धरल्या आहेत."

"करारात लिहिलंय का, कोणी धरू नये?"

लिहिलेलं नव्हतं. रंजिताने दोनदा वाचून पाहिलं.

"आणि दुसरी बात," कैलाशबाबू म्हणाले, "स्टँडवरच्या बाटलीची सरासरी सत्त्याण्णव येते. नातेवाइकाची एकशे चार. नातेवाईक पेशंटच्या मागे बाथरूमपर्यंत जातो. त्याला गंज लागत नाही. मग हे स्टँड ठेवायचे कशाला?"

दुसऱ्या दिवशी चारही चालू स्टँड, सात बंद स्टँड आणि तो टॉवेल भंगारात गेले.

त्यानंतर गोष्टी नियमाने घडत गेल्या. दाखल करून घेण्याच्या खिडकीवर आजाराच्या आधी नातेवाइकाची उंची विचारू लागले. चार फूट दहा इंचाच्या एका जावयाला 'घरात दुसरा कोणी आहे का पाहा' म्हणून परत पाठवलं. तिरोड्याजवळच्या खेड्यातला डोमनलाल तापाने फणफणलेल्या बायकोला, ओमेश्वरीला घेऊन आला, तेव्हा खिडकीतल्या मुलीने त्याच्याकडे वर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. पाच फूट नऊ. ओमेश्वरीला खिडकीजवळची खाट मिळाली.

संयुक्त बैठकीत रंजिताने मग बिनतोड मुद्दा काढला. हे लोक रुग्णालयाचं काम करतात, तर ते कोण आहेत? कामगार असतील तर आठ तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी आणि संघटनेचं सदस्यत्व. उपकरण असतील तर नोंदवहीत नोंद, क्रमांक आणि नियमित देखभाल. मधलं काही चालणार नाही.

'कामगार' हा शब्द ऐकताच कैलाशबाबूंनी पाण्याचा ग्लास उचलला. मुख्यालयाशी बोलून आले आणि म्हणाले, "उपकरण. संघटनेची सूचना आम्ही मान्य करतो."

अल्काताईंनी रंजिताकडे पाहिलं. "तू अजून बोल पोरी. अजून बोल."

बुधवारपासून नातेवाइकांच्या मनगटावर क्रमांकाचे स्टिकर लागले. डोमनलालला तेवीस आला. देखभालीचा माणूस पंधरवड्याने यायचा. त्याच्या कागदावर 'सांध्यांना तेल' असं छापलेलं होतं, म्हणून तो प्रत्येकाच्या कोपराला जवसाचं तेल चोळून खूण करायचा. नातेवाइकांनी तक्रार केली नाही. उलट अभिप्रायाच्या कागदावर तीस जणांनी 'सेवा उत्तम' लिहिलं.

शुक्रवारी ओमेश्वरीला सुट्टी झाली. डोमनलालने पिशवी उचलली, तिला पुढे घातलं आणि दोघं फाटकावर आले. तिथे सुरक्षारक्षक हिरालालने डोमनलालच्या मनगटावर बोट ठेवलं.

"इचा कागद आहे. तुया गेटपास कुठं आहे?"

"माया कायले? मी का बिमार होतो?"

"बिमार जाऊ शकते ना भाऊ. दवाखान्याचं सामान बाहेर नाही जात."

"अरे, मी सामान आहो का?"

हिरालालने वही उघडून दाखवली. तेवीस क्रमांक, महिला वॉर्ड, स्थिती : चालू.

"तेवीस म्हणजे तूच न? मंग?" हिरालालही गावचाच होता, त्याने आवाज उतरवला. "माया हातात असतं तं सोडलो असतो. पण एक नग कमी भरला तं माही नोकरी जाते."

ओमेश्वरी एकटी एसटीने गेली. डोमनलालला परत वॉर्डात आणून धुरपताबाईच्या खाटेशी उभं केलं. नवेगाव बांधची ही म्हातारी एकटीच आली होती. तिच्यामागे बाटली धरायला कोणी नव्हतं, आणि इकडे तेवीस नंबर रिकामा होता.

"कोणाचा रे तू?" म्हातारीने विचारलं.

"दवाखान्याचा," डोमनलाल म्हणाला.

घरी भाताची रोवणी खोळंबली होती, वाफ्यातली रोपं, म्हणजे पऱ्हे, वाढत चालली होती. ओमेश्वरीचा रोज दुपारी फोन यायचा आणि डोमनलाल तो उजव्या कानाला लावायचा, कारण डावा हात वर असे. "पऱ्हे वीतभर झाले." दोन दिवसांनी, "दीड वीत झाले." मग, "पऱ्हे गुडघ्याले लागून राहिले, लोकायची रोवणी आटपली. तुमी येता का मी वावर दुसऱ्याले अर्ध्या वाट्यावर बटईनं देऊ?"

"सिस्टर," तो रंजिताला म्हणाला, "पऱ्हे वाढले का रोवून काही उपयोग नाही राहत. वरीस जाते. कायतरी करा न बाई."

रंजिताने त्याला नजर दिली नाही. नव्वद सेंटिमीटर तिने लिहिले होते, उपकरणही तिनेच सुचवलं होतं.

संघटनेची तक्रार अखेर कामगार निरीक्षकांपर्यंत पोहोचली. ते मंगळवारी साडेदहाला आले. सरळ माणूस होता. सगळे कागद वाचून म्हणाले, "कागदावर व्यवस्थापन बरोबर आहे. पण हे लोक उपकरण नाहीत, स्वतःच्या मर्जीने उभी असलेली माणसं आहेत, असं मला दिसलं तर गोष्ट वेगळी. यांनी फक्त एक मिनिट हात खाली करावेत. बाटल्या नव्वदच्या खाली गेल्या की करारभंग. इथेच आदेश लिहितो : छत्तीस स्टँड, आणि नोंदवहीतून सगळ्यांची नावं रद्द."

"एक कशाला, दो मिनट घ्या," कैलाशबाबू म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

रंजिताने खाटाखाटांवर जाऊन समजावलं. एका मिनिटाने रुग्णाला काही होत नाही. थेंब थांबतील, नळीत जरा रक्त उलटं आलेलं दिसेल, बाटली वर घेतली की परत जाईल. मी इथेच आहे. छत्तीस जणांनी माना डोलावल्या. डोमनलालने तर दंडावरची बाही खाली ओढून घेतली.

"बस एकच मिनिट न? मी तं आजचीच एसटी पकडतो."

भेटीची वेळ होती. नारळपाणी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आलेले एकोणीस लोक दाराशी गोळा झाले होते. अल्काताई त्यांना म्हणाल्या, "आत या न भाऊ. लोकं उभे राहिले तं साहेबाले बी दिसन." ते म्हणाले, तुमचं अगदी बरोबर आहे, कोणीतरी आवाज उठवलाच पाहिजे. आणि दाराशीच थांबले.

अकराला रंजिताने शिट्टी वाजवली.

पहिली दहा सेकंदं काहीच हललं नाही. मग डोमनलालचा हात खाली येऊ लागला. खांद्यापर्यंत आला, छातीपर्यंत आला, खाटेच्या काठाखाली गेला. धुरपताबाईच्या नळीत सुईजवळ लाल रेघ दिसली आणि वर सरकू लागली. म्हातारीने डोळे मिटून घेतले.

"एवढ्यानं काही नाही होत," रंजिता हळू आवाजात म्हणाली. "भाऊ, अजून तीस सेकंदं."

"मले मालूम आहे बाई," डोमनलाल म्हणाला. "पण तिले कुठं मालूम आहे?"

निरीक्षकांनी सांगितल्याप्रमाणे रंजिताने निरीक्षण लिहून काढलं.

अकरा वाजता वर असलेले हात : छत्तीस. अकरा वाजून एक मिनिटाने वर असलेले हात : पंचावन्न. पैकी बाटल्या छत्तीस, मोबाइल एकोणीस.