भाईदास आप्पा आणि बसलेला ससा

"आठ दिन! नववा दिन लागाव नही! आठ दिनमा हाऊ ससा आंगनमा पयाले नही लागना, ते माले भाईदास म्हनू नका!"

लोणखेड्याच्या भाईदास आप्पांनी आठ दिवसांत ससा पळवायची ही प्रतिज्ञा ओसरीवर बसून, चहाची बशी हातात धरून केली. ऐकायला दोनच माणसं होती. समोर बायको गजराबाई, आणि दाराआड सून रूपाली. ज्याच्यासाठी प्रतिज्ञा होती तो ससा टोपलीत पडून होता आणि त्याने कानसुद्धा हलवला नाही.

आता कुणाला वाटेल, म्हातारा उगाच फुशारक्या मारतो. तसं नव्हतं, बरं का! बसलेला बैल उठवावा तो भाईदासनेच, असं शहाद्यापासून तळोद्यापर्यंत लोक म्हणायचे. आजारात बैल एकदा खाली बसला की भल्याभल्यांचे हात टेकतात. आप्पा मात्र त्याच्या पोटाखालून गोणपाटाचा झोळ घालत, आढ्याला दोर बांधत, दिवसातून चार वेळा त्याला उभा करत. मालिश करत, गूळ-मेथी चारत आणि महिन्याभरात बैल औताला जुंपून देत. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर बसला तर मेकॅनिक येतो, आप्पांना कोण विचारतो! एवढी विद्या अंगात घेऊन माणूस बारा वर्षं नुसता ओसरीवर बसला होता.

पण खरी गोष्ट विद्येची नव्हती. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सात महिन्यांपूर्वी रूपालीला मुलगी झाली आणि चार दिवसांत गेली. तेव्हापासून रूपाली घरातलं सगळं काम करायची, पण बोलायची नाही. मुलगा नवनीत सुरतेला कंपनीत. पंधरा दिवसांनी यायचा, बायकोजवळ बसायचा, तोही गप्प होऊन परत जायचा. एकदा येताना त्याने हा पांढरा ससा आणला. नाव आप्पांनी ठेवलं, ढवळ्या. दुसरं नाव त्यांना सुचणार तरी कुठून! आणि सशाशी रूपाली बोलायला लागली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला की आप्पा ओसरीवर अडकित्ता थांबवून ऐकत बसायचे.

मग ढवळ्या आजारी पडला. मान वाकडी झाली, मग मागचे दोन्ही पाय गेले. शहाद्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी महिनाभर औषधं दिली आणि शेवटी म्हणाले, "आजार गेला. पण पायांत जोर नाही, तो तुम्हीच आणायचा. रोज आधार देऊन थोडा थोडा वेळ उभा करा, पाय हलवा, अंथरूण कोरडं ठेवा. नुसता पडून राहिला तर जखमा होतील, आणि मग माझ्याही हातात काही नाही."

त्या दिवसापासून रूपालीचं पुन्हा बोलणं बंद, जेवणही अर्ध्यावर. म्हणून ती प्रतिज्ञा!

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्याच दिवशी तळोद्याहून फोन आला. गजराबाईची बहीण कौसाबाई ओट्यावरून घसरून पाय मोडून बसली होती. गजराबाईने पिशवी भरली. "मी जास पंधरा दिन. तुम्हीन दोन्ही मियीसन संभाळी ल्या!" म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

दोघांनी मिळून! बाईला बोलायला काय जातं! त्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. हल्ली हे कोण पाळतं? गावातल्या सुना सासऱ्यांना स्कूटीवर मागे बसवून दवाखान्यात नेतात. पण आप्पांच्या घरात अजून चालायचं. आप्पा आत येताना खाकरायचे, रूपाली डोक्यावर पदर घ्यायची, आणि जे काय बोलायचं ते गजराबाईमार्फत. मुलगी गेली तेव्हा आप्पांच्या मनात फार आलं, की सुनेच्या डोक्यावर हात ठेवून दोन शब्द बोलावेत. पण सासऱ्याने कसं बोलायचं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. सात महिने ते दोन शब्द त्यांच्या घशात अडकून होते.

आता मधला माणूसच तळोद्याला गेला. राहिला कोण? ससा!

पहिल्या दिवशी आप्पांनी माळ्यावरून बैलाचं गोणपाट काढलं, आढ्याला दोर टाकला आणि खाकरून सशाला म्हणाले, "ढवळ्या, कोन्ही तुले धरं ते बरं व्हई."

रूपालीने सशाला धरलं. ढवळ्या त्या गोणपाटात असा गडप झाला, की तो शोधायला दोघांना वाकावं लागलं.

"ढवळ्या," पदराआडून आवाज आला, "हाई गोणपाट तुले टोचस ना रे?"

"ढवळ्या, बैलले कधी टोचनं नही, सांग!"

"ढवळ्या, सांग, तू बैल नही शे!"

आप्पांनी गोणपाट गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गूळ-मेथीचा लाडू सशाच्या तोंडाशी धरला. सशाने तोंड फिरवलं. मग तिळाच्या तेलाने मालिश केली. रूपाली भाकरी टाकून बाहेर येते तो काय! ढवळ्याची लव अंगाला चिकटलेली, आणि ससा तेलाच्या डब्यात पडलेल्या उंदरासारखा दिसतोय! अख्खी दुपार ती कोमट फडक्याने त्याला पुसत बसली.

"ढवळ्या," ती म्हणाली, "आते कोन्ही तेल लावाले उनं ना, ते सरळ त्याले चाव!"

आप्पांना राग यायला हवा होता. पण उलट बरंच वाटलं. सात महिन्यांत पोरगी पहिल्यांदा कुणावर तरी चिडली होती!

तिसऱ्या दिवशी रूपालीने स्वतः झोळ शिवून आणला. मऊ, पांढरा, पुढच्या पायांसाठी दोन भोकं ठेवलेला. आप्पांनी कापड हातात घेतलं आणि त्यांना काठ ओळखू आला. त्यांचंच जुनं धोतर होतं ते. होणाऱ्या नातवंडाच्या दुपट्यासाठी त्यांनीच धुऊन दिलेलं.

त्यांनी झोळ आढ्याच्या दोराला बांधला, ढवळ्याला त्यात ठेवलं आणि हात सोडला. ते एवढंसं गाठोडं हवेत हळूच झुलायला लागलं. घरात तान्ह्या मुलाची झोळी बांधतात, तशीच दिसत होती ती. रूपाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आप्पांनी ताबडतोब गाठ सोडली. "ढवळ्या, दोर बेकार शे," ते म्हणाले. "हातवरच धरूत."

मग तसंच ठरलं. रूपालीने झोळाची दोन्ही टोकं ढवळ्याचे पाय जमिनीला टेकतील अशी हातात धरायची, आप्पांनी खाली बसून मागचे पाय पुढे-मागे करायचे. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. पाचवा दिवस गेला, सातवा गेला, आठवाही गेला. प्रतिज्ञेचं कुणी नाव काढलं नाही. मागचे पाय ओल्या फडक्यासारखे लोंबतच होते. बैलाचा आधार कधी सैल करायचा, हे आप्पांना न सांगता कळायचं. इथे मात्र सैल कर म्हणायची त्यांची छाती होईना. पडला म्हणजे? पोरीचा चेहरा कोण बघणार?

दहाव्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकला. "ढवळ्या, तू बी जाशी का रे?"

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

अकराव्या दिवशी त्यांना एक युक्ती सुचली, आणि सगळा घोटाळा इथून सुरू झाला. सशाला उडी मारायचं आठवत नसेल, तर दाखवावं कुणी तरी! आप्पांनी धोतराचा काचा मारला, अंगणात ढवळ्यासमोर हातापायांवर बसले आणि टुणकन उडी मारली. अडुसष्टाव्या वर्षी!

"दख, ढवळ्या! अशी! आनि मंग अशी!"

रूपाली झोळ धरून उभी होती. पदराआड ती काय करत होती ते दिसत नव्हतं, पण झोळ मात्र थरथरत होता.

तेवढ्यात शेजारची मोतीबाई विरजण मागायला फाटकाशी आली. तिने पाहिलं, डोळे फाडले आणि विरजण न घेताच परत फिरली. माणूस विरजण न घेता गेला म्हणजे काय समजायचं, हे आप्पांना कळायला हवं होतं. पण ते पुढच्या उडीच्या तयारीत होते!

मोतीबाईने डेअरीवर सांगितलं, आप्पा रांगतात. डेअरीवरून चौकात गेलं, आप्पांना लकवा झाला. चौकातून फोनवर तळोद्याला पोहोचलं, की कमरेखालचं अंग गेलं आणि बिचारी सून एकटी झोळीत घालून उचलते!

दिवस मावळायच्या आत जीप फाटकाशी थांबली. आधी गजराबाईचा आवाज आत आला, मग गजराबाई. "ओ माय वं! मी कसाले गयी वं तठे! मन्हा धनी वं!" तिच्यामागे तिचा भाऊ रतिलाल, पांढरा रुमाल खांद्यावर टाकून, थेट सुतकी चेहरा करूनच आलेला. त्याच्यामागे सात-आठ पाहुणे.

आणि अंगणात आप्पा हातापायांवर!

एवढी पुरुषमाणसं अचानक दारात बघून रूपालीचे दोन्ही हात सवयीने डोक्यावरच्या पदराकडे गेले.

दोन्ही हात!

झोळ खाली पडला. रूपालीच्या तोंडून "अगं बाई!" निघालं, आणि ती खाली बघतच राहिली. ढवळ्या पडला नव्हता. चारी पायांवर उभा होता. मागचे पाय लटपटत होते, पण उभा होता.

"आप्पा!" रूपाली ओरडली. "आप्पा, हालू नका! दखा! सोडी दिधं मी, तरी उभा शे तो! आप्पा, दखा ना!"

गजराबाईचा रडका सूर तोंडातच राहिला. सून सासऱ्याला हाक मारते, तीही पाहुण्यांसमोर, पदर खांद्यावर! पण रूपालीचं तिकडे लक्षच नव्हतं. ढवळ्याने एक वाकडी उडी मारली. दुसरी मारली आणि कुशीवर पडला. कुणी हात लावायच्या आत धडपडत स्वतःच उठला आणि आप्पांचं बोट हुंगू लागला. रूपाली मटकन खाली बसली. ती हसत होती की रडत होती, कळेना. बहुधा दोन्ही.

आप्पांनी हात लांब केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "दखं वं पोरी," ते म्हणाले. "दखं मी."

सात महिने अडकलेले शब्द हेच होते की दुसरे, त्यांनाही आता आठवत नव्हतं.

मग घरच्या कर्त्या पुरुषाने पाहुण्यांचं स्वागत करावं म्हणून ते ऐटीत उठायला गेले, आणि कमरेत कट् असा आवाज झाला.

"ओ माय वं!" गजराबाईने सूर पुन्हा धरला.

"मी म्हनी ऱ्हायनू ना! लकवाच शे!" रतिलाल म्हणाला. त्याला आल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. चौघांनी मिळून आप्पांना खाटेवर नेऊन टाकलं.

पुढचे आठ दिवस आप्पा तिथेच. ढवळ्या एक पाय किंचित ओढत खाटेखालून ये-जा करायचा, आणि रूपालीची जीभ काही थांबत नव्हती. "आप्पा, कूस बदला! आप्पा, गोयी ली का? आप्पा, डॉक्टरनी वाकू नका सांगेल शे, आयकू येस का?"

चौथ्या दिवशी ती पाणी आणायला गेल्यावर गजराबाई खाटेजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "काय हो, मी अकरा दिन नव्हती. असं काय करं तुम्हीन, की पोरगी एवढी बोलाले लागनी?"

आप्पांनी बढाई मारायला तोंड उघडलं. मग पुन्हा मिटलं.

"मी काही नही करं," ते म्हणाले. "मी बी ढवळ्यासारखा खाले पडेल व्हतू."