बेडकाचं ऑपरेशन

बेडकाचं पित्ताशय गायब झालं होतं आणि परीक्षक दोनच टेबलं पलीकडे उभे होते.

दशरथमामांनी पोशीरच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून एकोणतीस वर्षं घासली, पण स्टेजवर नाव कधी पुकारलं गेलं नाही. मार्चमध्ये निवृत्ती, म्हणजे नेरळच्या या तालुका विज्ञान प्रदर्शनातली परिचरांची स्पर्धा शेवटचीच. खरे बेडूक कापायला बंदी, थर्माकोललाही बंदी. म्हणून मामांनी बेडकाच्या प्रतिकृतीसाठी घरच्या तांदळाची उकड काढली आणि जनामामींनी मोदकाच्या हातानं बेडकाची सगळी आतडी-बितडी वळून दिली. यकृताला बीट, आतड्यांना हळद आणि यकृताच्या दोन पाळ्यांमध्ये वाटाण्याएवढं पित्ताशय, पालकाच्या रसातलं. नेमकं तेच नाहीसं झालं होतं.

मामांनी चादर झटकली, टेबलाखाली रांगून पाहिलं. वर आले तर शेजारच्या टेबलावर कशेळ्याच्या शाळेतला परिचर लडकू आभाळाकडे बघत काहीतरी चघळत होता.

"लडक्या, तोंड उघड!"

लडकूनं आधी गिळलं, मग तोंड उघडलं. "सकाळपासून पोटात काय नाय वो दादा. उकडीचा वास आला. म्हटलं, एवढीशी तर गोळी हाय."

"आरं मुडद्या, आतडं खायचं होतंस! हातभर केलंय, कुणाला कळलं नसतं!"

विज्ञानाच्या विनिता मॅडम धावत आल्या. "मामा, काहीतरी हिरवं लावा, पटकन!"

मामा स्वयंपाकाच्या मंडपाकडे पळाले. आज पुलावात वाटाणा नव्हता, मेला! आचाऱ्यानं मिरचीचा तुकडा दिला. तो यकृताखाली खोचला तर बेडकाला पोटातून शेपूट फुटल्यासारखं दिसायला लागलं. मामांनी तो उपटून खिशात टाकला आणि मान वर केली, तर समोर परीक्षक.

परीक्षक म्हणजे खोपोलीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चष्मा खाली ओढला. "पित्ताशय कुठाय?"

मॅडमनी डोळे मिटले. मामांच्या तोंडून निघून गेलं, "काढलंय, साहेब. खडे झालते. ऑपरेशन केलेला बेडूक हाय हा."

लडकूला जोराचा ठसका लागला.

साहेबांचं पेन थांबलं. मामांना वाटलं, संपलं सगळं. पण साहेब जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "माझंही दिवाळीत काढलं. आता याला पचतं का सगळं?"

"पचतं की!" मामांना जोर चढला. बंदी येईपर्यंत दरवर्षी शंभर पोरांना 'त्या हिरव्या पिशवीला सुरी लावू नका रं' म्हणून ओरडण्यात त्यांचा जन्म गेला होता. "पित्त बनवतं लिवर. पिशवी नुसती साठवायची आणि चरबीचं काही आलं की आतड्यात सोडायची. आता साठा नाय, थेंब थेंब गळत राहतं. जगायला अडचण नाय. फक्त एकदम मोठा किडा गिळला की जड जातं."

साहेबांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

दुपारी बक्षीस समारंभ सुरू झाला. मामा इस्त्रीचा शर्ट सावरत पहिल्या रांगेत बसले होते, पण बूड ठरत नव्हतं. तेवढ्यात साहेबांनी मागून त्यांचा दंड धरला. "जरा या बाहेर." नेलं ते थेट फाटकापाशी, वड्याच्या गाडीवर.

"डॉक्टर धड सांगत नाहीत. अर्धा खाऊ की पूर्ण?"

आणि तिकडे स्पीकर गरजला, "प्रयोगशाळा परिचर गट, प्रथम क्रमांक, दशरथ म्हसे!"

"साहेब, माझं नाव!"

"आधी सांगा. अर्धा की पूर्ण?"

"दशरथ म्हसे आहेत का?"

"डॉक्टरांनाच इचारा, साहेब, मी बेडकांचा माणूस!" मामांनी बाही सोडवून घेतली आणि धूम ठोकली.

मंडपात पोहोचले तेव्हा टाळ्या थांबत आल्या होत्या. स्टेजवर फोटो निघत होता. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि प्रमाणपत्र घेऊन लडकू छाती काढून उभा होता.

"तीनदा पुकारलं वो, दादा," खाली उतरून शाल त्यांच्या खांद्यावर टाकत लडकू म्हणाला. "कुणी उठंना. म्हटलं, बेडूक थोडा माझ्या पोटात पण हाय, तवा मीच गेलो."