दत्ताकाकांची आदळआपट

आमचे शेजारी दत्ताकाका भांडं विकत घेताना ते गळतं का, हे बघत नाहीत; वाजतं कसं, ते बघतात. एकदा शिळफाट्याच्या बाजारात त्यांनी दुकानातली सगळी घमेली चमच्याने ठोकली आणि शेवटी पोचा आलेलं एक उचललं.

दुकानदार म्हणाला, “काका, चांगलं घ्या ना.”

“ती सगळी एकच बोलतात रं. हे भांडतंय!”

काका ड्रमर आहेत, संगीतही स्वतःच रचतात. फ्री जॅझ, निव्वळ गोंगाट आणि आजचं नवं संगीत यांची त्यांनी केलेली मिसळ ऐकायला मुंबईत लोक तिकीट काढून येतात. आमच्या गावात, पळसदरीत, तिला ‘दत्ताची आदळआपट’ म्हणतात.

भात पिकायला आलं की इथे रानडुकरं हाकलायला पत्र्याचे डबे बडवतात. गेल्या वर्षी काकांनी संध्याकाळी अंगणात नवी रचना सुरू केली आणि अर्धी आळी काठ्या घेऊन शेताकडे धावली. थोड्या वेळाने कुणीतरी वैतागून ओरडलं, “डुकरं नाय रं, दत्ता हाय!”

काका खूश. “धावले ना? म्हंजे ऐकलं.”

काकांनी लग्न केलं नाही. ते भावाच्या घरात राहतात. पुतणी पल्लवी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून ड्रमच्या काठ्या चघळायची. तिच्या हळदीला वाजवायला त्यांनी खास रचना केली होती. हळदीच्या सकाळी भाऊ म्हणाले, “दत्ता, हात जोडतो. उष्टी हळद घेऊन व्याही यायचेत. नाचायला बेंजो पार्टी सांगितलीय. तू नुसता बस.”

“बसतो की.”

मी नेहमीप्रमाणे मांडवात शेवटच्या रांगेत बसले, तर काका शेजारीच. बेंजो सुरू झाला, सगळे नाचायला उठले. काका दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसले होते. विचारावं की नाही, यातच माझी बरीच गाणी गेली.

“काका, हात दुखतायत का?”

“नाय गं. सुटतील म्हणून.”

तेवढ्यात पल्लवी आली, हळदीने पिवळीधमक. त्यांच्या पलीकडच्या खुर्चीत बसली.

“काका, माझं वाजव ना.”

“नको गं. दादाला शब्द दिलाय.”

तिने तळहात पुढे केला. “इथं वाजव. कोणाला नाय कळायचं.”

काकांनी हात बाहेर काढले, शर्टाला पुसले आणि दोन बोटांनी तिच्या तळहातावर वाजवायला लागले. बेंजोच्या दणदणाटात मला काहीच ऐकू आलं नाही. पल्लवी डोळे मिटून होती, मध्येच हसायची. मांडवातून तिला हाकांवर हाका येत होत्या. काकांची बोटं थांबेपर्यंत ती उठली नाही.