गोठ्यातली आई

सुनदॉकबाईंच्या गोठ्यात कॅमेरा बसला, तेव्हापासून त्यांचा मुलगा पिल्सू रोज गोठ्यात असतो; म्हणजे तिकडे सोलमध्ये बसून, फोनवर. गुरं मांसासाठी पाळलेली, पण हार्मोन नाही, अँटिबायोटिक नाही, असा सरकारी शिक्का मिळवलेली. पिल्सूचा त्यांच्यावर भारी जीव. आईला फोन यायचा तोसुद्धा, "कोपऱ्यातलीनं पेंढा का टाकलाय?" एवढं विचारायला. चुसॉकच्या सणालाही तो आला नव्हता. तो आपल्याला बघत असेल या आशेवर सुनदॉकबाई केस सारखे करून कॅमेऱ्यासमोर झाडलेला गोठा पुन्हा झाडत.

ऐन थंडीत धाकट्या वासराला ताप भरला. जनावरांचे डॉक्टर त्याला तपासून म्हणाले, "छाती अजून साफ आहे. ऊब द्या, कोमट पाणी पाजा. पण सकाळी ताप उतरला नाही तर मी अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचणार. शिक्का गेला तर गेला."

"टोचा की! शिक्क्यापायी मी वासरू मारतेय होय?"

डॉक्टर गेल्यावर बाईंनी अंगातलं फुलाफुलांचं जाड जाकीट वासराला चढवलं, पुढचे पाय बाह्यांत कोंबले आणि डोक्याला आपला लाल रुमाल बांधला. वासरू पेंढ्यात निपचित पडलं. बाई पाणी तापवायला घरात गेल्या.

नेमका तेव्हाच पिल्सूनं जेवता जेवता फोन उघडला. चित्र धूसर होतं, पण जाकीट ओळखीचं होतं. आई पेंढ्यात आडवी, आणि गाय तिचं डोकं चाटतेय! त्यानं तिला फोन लावला. तो जाकिटाच्या खिशात वाजला. आईनं नुसता पाय झाडला.

पिल्सूनं गावप्रमुख पे यांना फोनवर गाठलं आणि गाडी काढली. पे आधी भोंग्यावर बोलतात, मग धावतात. "ग्रामस्थहो, सुनदॉकवहिनी गोठ्यात पडल्यात! स्ट्रेचर नाही, कुणीतरी दार काढून आणा!"

स्वयंपाकघरात हे ऐकून सुनदॉकबाई घाबरल्या आणि बादली घेऊन गोठ्याकडे पळाल्या. तिथं दोघंजण दार घेऊन उभे होते.

"वहिनी, तुम्ही तर पडलाय ना?" पे म्हणाले.

"कुठं?"

पे यांनी आत बोट दाखवलं. वासरू जाकिटासकट उठलं आणि खोकलं.

पिल्सूला कळवायचं मात्र सगळे विसरले. संध्याकाळी तो बर्फातून धडपडत आला आणि त्यानं आईला मिठीच मारली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. तो रडत होता.

"जेवलास का?" बाईंना एवढंच सुचलं. या वासराला असाच अधूनमधून ताप यावा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली.

सकाळी ताप उतरला. इंजेक्शन पेटीतच राहिलं. निघण्याआधी पिल्सू स्टुलावर चढून स्वयंपाकघरात नवा कॅमेरा बसवू लागला.

"आता घोटाळाच नको. तू मला थेट दिसशील, आई."

"रोज?"

"रोज. पाहिजे तेव्हा."

"बरं झालं," सुनदॉकबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि तू मला कुठं दिसशील रे?"

पिल्सूचा हात थांबला. स्टूल धरून आई वर बघत होती.